सायकलची बेंबी

सुधाला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. शुक्रवारी सकाळी आम्ही सायकली काढल्या.

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. आम्ही पालघरला राहत होतो. सुधा, माझी बायको, नर्स. तिच्यापुढे दोन नोकऱ्या होत्या. एक बोईसरला, एका कारखान्याच्या दवाखान्यात. ती तिच्या मामांनी ओळखीने मिळवून दिली होती आणि कारखान्याची बस दारात येणार होती. दुसरी सरकारी. मासवणच्या पुढे नदीकाठच्या एका पाड्यावर उपकेंद्र होतं आणि तिथली जागा बरेच दिवस रिकामी होती. राहण्याची खोली गळकी, एसटी दिवसातून दोनदा, तीही आली तर. जायचं तर पालघरहून सायकलनेच, रोज, बारा महिने.

त्या सुमारास जाड टायरच्या सायकली नव्याने बाजारात आल्या होत्या. डोंगरात चालणारी सायकल, असं दुकानदार म्हणायचे. सुधाने एक घेतली. निळी, सरळ दांड्याची, गिअरची. माझ्याकडे वडिलांची काळी सायकल होती. ठरलं ते असं: पाड्यावर जायचं, महामार्गाने वळसा घेऊन बोईसरला उतरायचं, तिथून चिंचणीला मामांकडे, आणि रविवारी घरी. तीन दिवस सायकल आणि रस्ता दोन्ही तपासायचे. सायकल टिकली तर पाडा. नाही तर बस. सुधा हे इतकं सरळ बोलत नव्हती, पण तिने निघताना पिशवीत पंप, पाना आणि तिची कामाची नळी घेतली. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची ती ॲल्युमिनियमची नळी. कशाला, असं मी विचारलं नाही.

पालघर ते मासवण हा रस्ता मी आजही कुणालाही सुचवीन. पूर्वेला रेल्वे ओलांडली की गाव लवकर संपतं. ऑक्टोबरमध्ये दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलेलं असतं आणि त्याचा वास उन्हात गरम होतो. चढ फार नाहीत, पण असतात. पहाटे निघा. दहानंतरचं ऊन पावसाळ्याचा सगळा सूड घेतं. पाणी दोन बाटल्या. खायचं मासवणला मिळतं: चहा, भजी, नशीब असेल तर उसळ. तेव्हाचे भाव सांगण्यात अर्थ नाही. खिशातली चिल्लर पुरायची.

सुधा पुढे होती. सलवार-कमीज, ओढणी कमरेला बांधलेली. मासवणच्या टपरीवर चहावाल्याने आधी तिला पाहिलं, मग मागून येणाऱ्या मला.

"बाई पुढं, सायेब मागं. गेर कुनाला हायेत?"

"बाईंना," मी म्हणालो.

"मंग बराबर हाय," तो म्हणाला आणि तिचा चहा आधी ठेवला.

सूर्या नदी मासवणला रुंद आणि शांत दिसते. आम्ही काठाकाठाने वर गेलो. रस्ता संपून गाडीवाट सुरू झाली, मग दगडांची वाट. इथे जाड टायरने आपली किंमत वसूल करून दिली. मी उतरून चालत होतो. सुधा दगडांवरून, एका कोरड्या ओहोळातून, सायकलवर बसूनच गेली. पलीकडे थांबून तिने मागे पाहिलं. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

पाड्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं आज आहेत, त्यांना विचारलेलं नाही. उपकेंद्राची किल्ली नवशाकडे असे. तिथल्या झाडलोटीचं काम त्याच्याकडे होतं. नर्स नसतानाही तो रोज झाडत होता. त्याने दार उघडलं. लोखंडी खाट, वजनकाटा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, फरशीवर एक पान नाही. सुधा वजनकाट्याजवळ उभी राहिली. तिने त्याच्यावर पिशवी ठेवून पाहिली. काटा हलला.

थोड्या वेळाने जानकीबाई आली. पाड्याची सुईण. पाड्यावरची बहुतेक माणसं तिच्या हातांत जन्मलेली, नवशासुद्धा. तिने नाव-गाव विचारलं नाही.

"हात दाव," ती म्हणाली.

सुधाने हात पुढे केले. जानकीबाईने ते उलटे-पालटे केले, नखं पाहिली, बोटं दाबून पाहिली. मग स्वतःचे हात पदराला पुसले आणि शेजारी बसली. दोघी संध्याकाळपर्यंत बोलत होत्या. काय, ते मला कळायचं कारण नव्हतं. जेवायला नाचणीची भाकरी, सुकट आणि भोपळ्याची भाजी होती. नवशाच्या ओट्यावर झोपलो.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी उठलो तर सायकली नव्हत्या.

त्या नदीत होत्या. नवशाने त्याचे दोन बैल धुतले होते आणि आता आमच्या सायकली धुत होता. त्या भागात दसऱ्याला जे काही कामाला येतं ते सगळं धुतलं जातं. बैल, नांगर, कोयता, विळा. पाहुण्याची गाडी कोरडी ठेवणं हा अपमान झाला असता. त्याने सुधाची निळी सायकल वाहत्या पाण्यात वाळूवर आडवी झोपवली होती, बैल झोपवतात तशी, आणि नारळाच्या काथ्याने पोट घासत होता. मग कूस बदलली. दुसरी बाजू घासली. पायडल गरगर फिरवलं, म्हणजे सगळीकडे पाणी लागावं. माझी काळी सायकल त्याने नुसती दोन तांबे ओतून सोडून दिली. जुन्या गड्याला कोण मिरवतं?

निळी सायकल चमकत वर आली. दांड्याला झेंडूचा हार. सुधा इतकी खुश झाली की तिने हाराला हात लावला नाही, तसाच ठेवला. निघताना सगळ्यांनी आपट्याची पानं दिली. जानकीबाईने सर्वांत शेवटी. पान सुधाच्या मुठीत दाबून ती म्हणाली:

"सोमवारी येशील?"

"बघते," सुधा म्हणाली.

जानकीबाईने मान डोलावली. हे उत्तर तिने आधीही ऐकलेलं दिसत होतं.

मनोरपर्यंत सगळं ठीक होतं. तिथून महामार्ग. सायकलवाल्याने हा तुकडा लवकर संपवावा, यापलीकडे त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. ट्रक तेव्हाही होते, आता जास्त आहेत. चिल्हार फाट्याला डावीकडे वळलं की जीव भांड्यात पडतो. सावली, वळणं, उतार. हा रस्ता देखणा आहे. पण त्याच रस्त्यावर मला आवाज ऐकू यायला लागला.

आधी वाटलं, हाराचा दोरा कुठे घासतोय. सुधाने हार काढून गळ्यात घातला. आवाज राहिला. उजवं पायडल खाली गेलं की कट्. मग नुसता कट् नाही, त्याच्यामागे दाताखाली खडा यावा तशी करकर. बेटेगावच्या चढावर ती उतरली. पायडल हाताने फिरवलं. ते अडखळत फिरत होतं.

"दुसराच दिवस आहे," ती म्हणाली.

मी म्हणालो, बोईसरला दाखवू.

"बोईसरला दाखवू. पण जूनमध्ये, त्या ओहोळात, भर पावसात हे झालं तर तिथे कुणाला दाखवू? कुणी वेणा देत असेल वाट बघत."

आम्ही सायकली ढकलत उरलेला चढ चढलो. पुढे उतारावर ती पायडल न मारता गेली. नुसती घरंगळत. गळ्यात झेंडूचा हार, मागे बघितलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी बोईसरमध्ये सायकल दुरुस्त करून घेणं ही एक परीक्षाच आहे. पहिल्या दुकानात माणूस होता, पण सगळे पाने पाटावर मांडून त्यांच्यावर फुलं वाहिलेली. "आज हत्यारं पूजेत हायेत. उद्या या." दुसऱ्या दुकानात तेच. तिथल्याने स्टेशनच्या बाजूला बोट केलं, इद्रिसभाईकडे जा.

इद्रिसभाई उत्तर प्रदेशातून आलेला, आडवा, बोलका माणूस. कारखान्यांतल्या कामगारांच्या सायकली हा त्याचा सगळा धंदा. शेजारच्या दुकानदाराने हौसेने त्याच्याही पंपाला हार घातला होता. तो म्हणाला, पंप पूजेला बसलाय, हवा मिळणार नाही, बाकी सगळं मिळेल. त्याने निळी सायकल उलटी केली, पायडल एकदा फिरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला:

"साहब, आपकी बीबी में पानी भर गया है. खोलना पड़ेगा."

मी सुधाकडे पाहिलं. सुधाने माझ्याकडे. मग ती हसली, बेटेगावनंतर पहिल्यांदा, आणि हसतच राहिली. इद्रिसभाई हसला नाही.

"सब हँसते हैं," तो म्हणाला. "बनते वक्त सब हँसते हैं, पैसा देते वक्त कोई नहीं हँसता."

ज्यांना सायकलचं पोट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन्ही पायडलांचे दांडे एका आडव्या आसाला जोडलेले असतात. तो आस फ्रेमच्या तळाशी एका आखूड नळीत फिरतो. नळीच्या दोन्ही टोकांना पोलादी वाट्या, वाट्यांत छर्रे, छर्ऱ्यांभोवती ग्रीस. पुस्तकात याला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. कारागीर बीबी म्हणतात. तुमचं सगळं वजन, पायातला सगळा जोर, रस्त्याचा सगळा दणका तिथून जातो. दिसत मात्र काही नाही. सायकल घेताना लोक रंग बघतात, टायर दाबून बघतात. हे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

इद्रिसभाईने पायडलांचे दांडे आसाला धरून ठेवणाऱ्या कॉटर-पिना ठोकून काढल्या, चकती सोडवली, वाटी फिरवली. आतून चहाच्या रंगाचं पाणी आलं. मागोमाग वाळू. सूर्या नदीची, बारीक, स्वच्छ वाळू. त्याने ती बोटावर घेऊन सुधाला दाखवली. "नदी में नहलाया?"

सुधा म्हणाली, नहलाया नाही, झोपवलं.

यावर मात्र तो पोट धरून हसला. मग छर्रे रॉकेलमध्ये टाकले. काहींची चकाकी एका बाजूने गेली होती, ते बदलले. वाट्यांवर ओरखडे होते, पण या नव्या मापाच्या वाट्या त्याच्याकडे नव्हत्या आणि मुंबईहून मागवायला लागल्या असत्या. माझी काळी सायकलही त्याने हलवून पाहिली. तिच्या पोटात कित्येक वर्षांचं ग्रीस आणि धूळ मिळून असा चिखल घट्ट झाला होता की पाणी आत जायला जागाच नव्हती. "इसको मत खोलना," तो म्हणाला. "ये गंदगी से ही चल रही है." नव्या सायकलवर त्याचा फार विश्वास नव्हता. टायर मोटा, आत माल तोच. सुधाने त्याला विचारलं, रोज डोंगरात नेली, पावसाळ्यात नेली, तर टिकेल का. त्याने हात पुसले.

"पानी नहीं जाएगा तो टिकेगी. पर पानी तो जाएगा, बहन."

तारापूरकडे जाताना सायकल गप्प होती. संध्याकाळी तारापूर ओलांडून खाडीच्या पुलावर आलो. वारा समोरून, तोंडावर मीठ. चिंचणीत शिरताना दोन्ही बाजूंना वाड्या लागतात, कुंपणाआडून ओल्या मातीचा आणि फुलांचा वास येतो. थकलेल्या माणसाने इथे सायकलवरून उतरून चालावं.

मामांची वाडी समुद्राच्या अलीकडे. चिकू, नारळ, मोगरा. आईवडील गेल्यावर सुधा तिथेच वाढली होती. मामांनी सायकल पाहिली, हार पाहिला, आणि विचारलं, बसची वेळ कळली का. दवाखान्याच्या नोकरीबद्दल ते असं बोलत होते जणू ती कालपासून सुरू झाली आहे. रात्रीच्या जेवणात कोळंबीचं लोणचं होतं, तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातली आमटी. मामींनी पाड्याची चौकशी केली. मामांनी केली नाही.

रविवारी सकाळी ते बोलले. सुधा पाड्याबद्दल सांगत होती, झाडलेल्या फरशीबद्दल, जानकीबाईबद्दल. मामा मध्येच म्हणाले:

"पोरी, मानसांचं मी काय बोलत नाय. मानसं चांगलीच असतील. सायकलचं बोल. दोन दिवसांत पोट फुटलं तिचं. रोज मरनार ती, नि तू रस्त्यात उभी रानार."

हेच सुधा स्वतःला विचारत होती.

मामा उठले. सायकल चिकूच्या फांदीला दोरीने टांगली. मग त्यांनी पंपाच्या खोलीतून लांब स्क्रू ड्रायव्हर आणला, त्याचं टोक सायकलच्या पोटाला लावलं, मूठ कानाला, आणि दुसऱ्या हाताने पायडल फिरवलं. विहिरीच्या पंपाचं बेअरिंग ते असंच ऐकत. सुधा बघत होती. मग ती आत गेली आणि पिशवीतली नळी घेऊन आली. रुंद तोंड सायकलच्या पोटावर टेकवलं, कान लावला, डोळे मिटले.

"डावीकडे," ती म्हणाली. "एका फेऱ्यात एकदा. बारीक आहे."

मामांनी हात पुढे केला. तिने नळी दिली. मामा वाकून ऐकत राहिले. बराच वेळ. नळीतून नेहमी काय ऐकतात ते त्यांना माहीत होतं. मामींनी दारातून पाहिलं आणि पुन्हा आत गेल्या.

"यात चांगलं ऐकू येते," ते अखेर म्हणाले. "डावीकडंच हाय."

पुढचे दोन तास मला वाटतं मी पाहिलेल्या उत्तम कामांपैकी आहेत. पंपाचा आस जिथे बाहेर येतो तिथून पाणी उडू नये म्हणून त्याच्याभोवती ग्रीसमध्ये बुडवलेली सुती दोरी भरतात. शेतकऱ्यांना हे सांगायला नको, ग्लँडची दोरी प्रत्येक वाडीत असते. मामांनी त्या जाड दोरीचा पीळ सोडवून एक बारीक पेड काढला. आस उघडला, ग्रीस भरलं आणि दोन्ही वाट्यांच्या तोंडाशी तो पेड आसाभोवती गुंडाळला, सुपारी कातरावी तशी टोकं कापून. बैठकीच्या दांड्यावरून पाणी आत उतरतं म्हणून तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा ओढून बसवला. मग वाटी आवळली. आवळली, आणि पुन्हा केसभर सोडली.

मी म्हणालो, घट्टच राहू द्या की.

"घट्ट केला की जळतो. ग्लँडमधून थेंब पडत रायला पायजे. मी पयला पंप तसाच जाळला."

यानंतर त्यांनी ड्रिल आणलं. मला वाटलं दुसऱ्या कशासाठी. त्यांनी नव्या कोऱ्या सायकलच्या पोटाला, बरोबर खाली, भोक पाडायला सुरुवात केली. मी पुढे झालो. सुधाने माझा हात धरला. निळा रंग उडाला, पोलादाचा चुरा पडला, एक बारीक भोक झालं. मामांनी फुंकर मारली.

"पानी शिरनारच," ते सुधाला म्हणाले. "त्याला भायेर जायाला वाट ठेवली."

हात धुताना ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "दिवाळीला घेऊन ये. उघडून बघू."

बसबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत. निघताना मामींनी दोरीचं एक भेंडोळं कागदात बांधून तिच्या पिशवीत टाकलं, चिकूंच्या खाली.

बोईसरहून उमरोळीवरून पालघर हा शेवटचा तुकडा सपाट आहे, नवख्यांनी इथून सुरुवात करावी. अंधार पडायच्या आत घरी पोचलो. सायकलचा आवाज नव्हता. सोमवारी सुधा पाड्यावर गेली. होकार तिने ऑफिसात नंतर दिला, आधी तिथे.

तिने मला सांगितलेली गोष्ट अशी. नवशा सायकल धरायला पुढे आला तेव्हा तिने त्याला समजावलं की धू, पण बीबीला पाणी लागू देऊ नको. नवशाला शब्द कळला नाही. तिने बोटाने दाखवलं, हे बघ, मधे, पोटाशी. त्याचा चेहरा उजळला.

"मंग बेंबी म्हना ना."

जानकीबाई ओट्यावर बसली होती. ती नवशाला म्हणाली, मेल्या, बाईच्या सायकलीची बेंबी बुडवलीस तू. सगळे हसले. सुधा हसली आणि थांबली. जन्मलेल्या बाळाची बेंबी कोरडी ठेवायची, नाळ गळून पडेपर्यंत तिला पाणी, राख, तेल काही लावायचं नाही, हे ती पहिल्या भेटीत जानकीबाईशी बोलली होती. जानकीबाईने ऐकून घेतलं होतं, पण तिच्या आईने जे शिकवलं ते सोडायला ती तयार नव्हती. आता ती सायकलजवळ आली. खाली बसून तिने तो दोरीचा वेढा पाहिला, भोक पाहिलं. पाण्याने आत काय झालं ते सुधाला पुन्हा विचारलं.

"लोखंड सडतं तर पोर काय," ती म्हणाली.

पुढच्या बाळंतपणात तिने राख मागितली नाही. सुधा म्हणते, तिने ते सायकलमुळे केलं नाही, तिच्या मनात आधीच चाललं होतं, सायकल नुसती मध्ये आली. तसंही असेल.

सुधा त्या पाड्यावर बरीच वर्षं होती. वाट्या एकदा बदलल्या, छर्रे अनेकदा, दोरी दर दिवाळीला चिंचणीत. मामा गेल्यावर ती स्वतः भरायला लागली. आस तोच राहिला. आणि दर दसऱ्याला नवशाने ती सायकल नदीवर नेली. बैलांसारखीच घासली, हार घातला, फक्त आधी तिच्या पोटाभोवती कोरडं फडकं गच्च बांधलं. पाड्यावर नंतर ज्यांनी ज्यांनी सायकली घेतल्या त्यांनी ते तसंच केलं, आणि त्या भागात तुम्ही दसऱ्याच्या सकाळी गेलात तर अजून एखादी सायकल दिसेल, आत्ताच नदीतून काढल्यासारखी स्वच्छ, मध्ये लंगोट बांधलेली.

आता बेअरिंग बंद डब्यात मिळतात, कुणी उघडत नाही. बरंच आहे. आमची निळी सायकल जिन्याखाली आहे. निळी म्हणायची, एवढंच. मधूनमधून मी पायडल फिरवतो आणि ऐकतो. ते फिरत राहतं.

या दसऱ्याला मी बादली भरून खाली निघालो होतो. सुधा आतल्या खोलीत पेपर वाचत होती. तिने मान वर केली नाही.

"फडकं बांधलंत का?"

मी बादली खाली ठेवली आणि फडकं शोधायला आत गेलो.